जरा वर धर!

लग्नाच्या स्टेजवर दोन कायदे एकाच वेळी लागू असतात. एक मानपानाचा, दुसरा प्रकाशाचा. मानपानाचा कायदा सांगतो की मुलाचे आजोबा, मोठे काका आणि स्थळ सुचवणारे गृहस्थ पुढच्या खुर्च्यांवर बसतील, चुलत-मावस मंडळी मागे उभी राहतील आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे ते दोन टोकांना जातील. प्रकाशाचा कायदा सांगतो की अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. या दोहोंचा मेळ घालायला जो नेमलेला असतो तो फोटोग्राफर. त्याच्या डाव्या अंगाला हात वर करून उभा असतो तो मी.

हा फोटोग्राफर माझा मित्र. वैशाखात मुहूर्तांची गर्दी झाली की त्याचे मदतनीस दुसऱ्या लग्नात अडकतात आणि मला निरोप येतो, "काही करायचं नाही, नुसता फ्लॅश धरायचा." त्याच्याकडे स्टँड आहे. पण स्टँडला पाय तीन, आणि स्टेजवर त्या पायांमधून शिवाशिवी खेळणारी मुलं पुष्कळ. शिवाय कार्यालयातल्या मोठ्या उभ्या पंख्याचा वारा फ्लॅशच्या छत्रीत शिरला की स्टँड पाहुण्यांकडे चालत निघतो. त्यावर उपाय म्हणून त्याच्या पायाला वाळूची पिशवी बांधायची असते. आम्ही मुदपाकखान्यातून पाच किलो तांदळाची पिशवी मागून आणतो. ती नेमकी भाताचं आधण आल्यावर परत मागितली जाते. म्हणून मी.

तर तो चौथाईचा हिशोब. फ्लॅशपासून पुढच्या खुर्च्या दोन मीटरवर आणि शेवटची रांग चार मीटरवर असेल, तर पुढच्यांना शंभर पैसे उजेड मिळतो तेव्हा मागच्यांच्या हाती पंचवीस येतात. मग फोटोत आजोबांचे नाक-डोळे विरघळून नुसती टोपी आणि मिशी उरते, आणि मागच्या रांगेतले जावई कोणते हे अल्बम बघताना पैज लावून ओळखावं लागतं. तोडगा वहीवर सोपा आहे: फ्लॅश मागे न्यायचा. पुढची रांग सहा मीटरवर आणि मागची आठ मीटरवर गेली की शंभराला छप्पन्न असा बराच बरा वाटा पडतो. फ्लॅश उंच धरला तर तफावत आणखी कमी होते.

पण सहा मीटर मागे स्टेज संपलेलं असतं आणि तिथे सोफ्यावर विहीणबाई बसलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर फ्लॅश धरून उभं राहायचं तर पदार्थविज्ञानाच्या ज्ञानापेक्षा वेगळ्या गुणांची गरज लागते. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "हे मुलीकडचे का?" मी त्या वेळी मुलाकडचा होतो. प्रकाशाचा प्रश्न सुटला, माझा वाढला.

दुसरी अडचण अशी की दोनाचे सहा मीटर झाले म्हणजे अंतर तिप्पट झालं, आणि पुढच्या रांगेवर आधीइतकाच उजेड पाडायला नऊपट जोर हवा. फ्लॅशच्या पोटात चार पेन्सिल सेल असतात. पूर्ण जोरात एकदा उडाला की तो पुन्हा भरेपर्यंत बारीक शीळ घालत बसतो, आणि सेल उतरले असतील तर ही शीळ चांगलीच लांबते. समूहाचं हसू एवढं टिकत नाही. पहिल्या फोटोला सगळे हसतात, दुसऱ्यापर्यंत निम्म्यांना जेवण आठवतं, तिसऱ्याला आजोबा उठलेले असतात. चार्ज होणारे निकेलचे सेल 1.2 व्होल्टचे आणि दुकानातले साधे अल्कलाइन 1.5 चे, त्यामुळे साधे जास्त दणकट असं कोणालाही वाटेल. पण निकेलचे सेल एका दमात जास्त करंट देतात, म्हणून फ्लॅश त्यांच्यावर लवकर भरतो. हे मी एका काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या रिमोटला कुठलेही चालतात."

जुन्या काळी हा 'अजून एक, अजून एक' प्रकार नव्हता. 1887 साली मीथे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅशची दारू केली. बार उडाला की लख्ख उजेड, आणि मागून खोलीभर पांढरा धूर. धूर खाली बसेपर्यंत दुसरा फोटो नाही. डोळे मिटलेल्याचे डोळे मिटलेले राहिले आणि तसेच भिंतीवर टांगले गेले. माणसं समाधानी होती.

आता बार नाही, त्याऐवजी छत आहे. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की नाकाची सावली गालावर पडते आणि माणूस रात्री टॉर्चच्या झोतात सापडल्यागत दिसतो. म्हणून जाणकार फ्लॅशचं तोंड छताकडे वळवतात. उजेड छतावर आपटून मोठा होऊन, मऊ होऊन खाली येतो. ही युक्ती छायालेखक सुब्रत मित्रांनी 'अपराजितो' सिनेमाच्या (1956) वेळी फार मोठ्या प्रमाणावर केली. बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभा केला होता. चौकात वरून उतरतो तसा बिनसावलीचा उजेड हवा होता. त्यांनी सेटच्या माथ्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. पडद्यावर तो बनारसचा उजेड वाटतो.

आमच्याकडे ही सगळी तयारी डेकोरेटर आधीच करून ठेवतो. डोक्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड ताणलेलं असतं, तेही झालरीसकट. फक्त त्याचा रंग तो ठरवतो. पांढरं कापड लग्नात अशुभ, म्हणून गुलाबी. एकआड एक पट्टा जांभळा. फ्लॅशचा उजेड गुलाबी कापडाला भेटून येतो तो गुलाबी होऊनच येतो, आणि वरपक्ष फाल्गुनात आल्यासारखा रंगतो. जांभळ्या पट्ट्याखाली उभे असलेले दोघे-तिघे थंडीने काकडलेले वाटतात. कॅमेऱ्याला कितीही सांगा की पांढरं म्हणजे काय, तो एका वेळी एकच रंग सावरू शकतो. मित्राने यावर शोधलेला उपाय म्हणजे पाहुण्यांमधला सर्वांत रुंद पाठीचा, पांढरा शुभ्र सदरा घातलेला माणूस हेरायचा आणि त्याच्या पाठीवर फ्लॅश मारायचा. सांगली-कोल्हापूरकडे अशी माणसं मुबलक मिळतात. पुण्यात थोडं शोधावं लागतं, आणि सापडले तर ते आधी विचारतात, "का?"

वधूपक्षाच्या खोलीचं संकट निराळं. मंगल कार्यालय बांधणाऱ्याने या खोलीला एक ट्यूबलाइट, एक लोखंडी कपाट आणि त्या कपाटामागे खिडकी दिलेली असते. नवरीचा शृंगार त्या ट्यूबखाली चालतो. फ्लॅश आणि दिवसाचं ऊन साधारण साडेपाच हजार केल्व्हिनचं, जुना पिवळा बल्ब सत्तावीसशे ते तीन हजारांचा, आणि कार्यालयातली जुनी ट्यूब कुठल्याच शिस्तीत न बसणारी, हिरवट. यात कोणीतरी आरशावरचे पिवळे दिवेही लावतं. नवरीचा एक गाल हिरवा, एक शेंदरी. ब्यूटिशियनबाई म्हणतात, "मी इतका छान बेस केला होता."

इथे करण्यासारखं एकच असतं. ट्यूब बंद करायची, पिवळे दिवे बंद करायचे, कपाट सरकवायचं आणि खिडकी मोकळी करायची. कपाट सरकवायला मुलीचे दोन मामा लागतात. खिडकी अगदीच लहान निघाली तर आरसा मदतीला येतो. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल'मध्ये (1959) दोन मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं आणि अंधारात तो प्रसिद्ध झोत उभा केला. आम्ही व्हरांड्यातलं ऊन हात धुण्याच्या बेसिनवरचा आरसा काढून आत आणतो. मूर्तींना पुढे फाळके पुरस्कार मिळाला. आम्हाला मॅनेजरने विचारलं, "बेसिनवरचा आरसा कोणी नेला?"

मोबाइलवाल्यांना वाटतं की कॅमेरा जे दिसेल ते टिपतो. तसं नसतं. कॅमेऱ्यातल्या मीटरची ठाम समजूत असते की जग सरासरीने मध्यम राखाडी आहे. पडलेल्या उजेडातला अठरा टक्के परत पाठवणारं, ना उजळ ना काळं. म्हणजे स्थळांच्या जाहिरातींतल्या सगळ्या मुली आणि कॅमेऱ्यातलं सगळं जग यांचा वर्ण एकच: गव्हाळ. पांढऱ्या शुभ्र नऊवारीतल्या आजी समोर आल्या की मीटर घाबरून उजेड कमी करतो आणि आजी मळकट होतात. काळ्या सुटातला नवरदेव आला की उजेड वाढवतो आणि सूट करडा, विटका दिसू लागतो. म्हणून आजींसाठी हाताने उजेड वाढवायचा आणि सुटासाठी कमी करायचा. सांगताना हे उलटं वाटतं. मित्राला हे आता हाताच्या सवयीने जमतं. मला प्रश्न पडतो तो आजी आणि सूट शेजारी शेजारी उभे राहिल्यावर. तेव्हा मित्र आजींची बाजू घेतो. सूट भाड्याचा असतो.

चष्म्याची गोष्ट आजोबांशिवाय पुरी होत नाही. फ्लॅश उडाला की काचांवर दोन पांढरे चांदोबा उगवतात. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे आपण सातवी-आठवीत आरसा आणि टाचण्या घेऊन शिकलो. उपाय दोन. एक म्हणजे फ्लॅश इतका वर आणि बाजूला न्यायचा की परतणारा उजेड कॅमेऱ्याच्या वाटेतच येऊ नये. 'जरा वर धर' मला जन्मभर ऐकू येणार आहे ते यासाठी. दुसरा उपाय चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर वर उचलायचा, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात. फोटोत काही कळत नाही आणि चांदोबा मावळतात. मित्राने एका आजोबांना आदबीने सांगितलं, "आजोबा, काड्या जरा वर घ्या." आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, घातला, आणि म्हणाले, "आता स्वच्छ आहे." पुन्हा सांगितलं. पुन्हा पुसला. शेवटी नात पुढे झाली आणि तिने काड्या उचलून दिल्या. आजोबांनी फोटो होईपर्यंत मान हलवली नाही. नंतर जेवतानाही काड्या तशाच होत्या.

टकलाचंही थोडंफार असंच असतं, पण तिथे काड्या नसतात. रुमालाने टिपून घ्या असं सांगावं, तर कोण सांगणार? हे काम माझ्याकडे येतं आणि मी ते त्यांच्या सौभाग्यवतींकडे सोपवतो.

हल्ली स्टेजच्या मागे एलईडीची भिंत आलेली आहे. तिच्यावर कमळं उमलतात, मोर नाचतात, मधूनच वधूवरांचा लोणावळ्यातला धबधबा वाहतो. डोळ्यांना ती अखंड दिसते, पण वस्तुतः ती भराभर मिचकत असते. कॅमेऱ्याचं शटर त्याहून चपळ असेल तर फोटोत भिंतीवर काळे आडवे पट्टे येतात आणि मोर कापून काढल्यागत दिसतो. साध्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडीचे दिवेही आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. म्हणून शटर एकशंभरांश किंवा एकपन्नासांश सेकंदावर ठेवायचं, म्हणजे पूर्ण मिचकणं एका फोटोत मावतं. दिव्यांपुरतं हे जमतं. भिंतीची मिचक मात्र ज्या त्या भिंतीची वेगळी, तिला चाचपून बघावं लागतं. तोपर्यंत वरात नाचत आलेली असते आणि एकपन्नासांशावर नाचणारे सगळे पुसट येतात. एका बाजूला मोर शाबूत, दुसऱ्या बाजूला मुलाचे मित्र शाबूत. दोन्ही एकदम नाही. मुलाच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "भिंतीचे वेगळे पैसे दिलेत." मोर शाबूत ठेवला.

माझ्या मते अख्ख्या लग्नात फोटोग्राफरच्या बाजूची एकच वस्तू असते, ती म्हणजे अंतरपाट. कार्यालयातलं एकमेव स्वच्छ पांढरं कापड, नवरीच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर, आणि ते ताठ धरायला दोन जबाबदार माणसं. त्याच्यावर फ्लॅश मारला की नवरीवर असा मऊ उजेड येतो की महागातल्या सॉफ्टबॉक्सने लाजावं. दुर्दैव एवढंच की तो टिकत नाही. मंगलाष्टकं आठ असं पुस्तकात लिहिलेलं असलं तरी ऐन वेळी गुरुजी चारावर येतात. अशा वेळी ज्या मावशी पर्समधून घडी केलेला कागद काढून स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात, त्यात दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं गुंफतात आणि चाल विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यांचे आमच्या व्यवसायावर मोठे उपकार आहेत. पाहुणे चुळबुळतात, मित्र फोटो काढत राहतो.

मग सावधान होतं आणि अक्षता पडतात. या क्षणाच्या फोटोत नवराबायको दिसत नाहीत, पांढरे गोळे दिसतात. कारण पुन्हा तेच अंतर. नवरा फ्लॅशपासून तीन मीटरवर आणि तांदळाचा दाणा अर्ध्या मीटरवर, म्हणजे दाण्यावर छत्तीसपट उजेड. त्यात तो लेन्सच्या इतका जवळ की फोकसच्या बाहेर जाऊन फुगतो. होमाच्या धुराचंही तसंच: फ्लॅश समोरून मारला की धूरच उजळून निघतो आणि त्यामागे लाजाहोम चालला आहे हे फक्त आवाजावरून कळतं. यावर खात्रीचा उपाय म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला नेणं. मग लेन्ससमोरचे दाणे अंधारात राहतात, आणि धुराला एक देखणी कडा येते. बाजूला म्हणजे मी असतो ती जागा. तिथे अक्षता फेकणाऱ्यांचा नेम सर्वांत चांगला बसतो. घरी गेल्यावर सदऱ्याच्या खिशातून, कानातून आणि फ्लॅशच्या फटींतून मिळून जे तांदूळ निघतात त्यात एक वेळचा भात होईल.

दुपारी साडेबारानंतर अंगणात फोटो काढायचा हट्ट होतो. मे महिना, सूर्य डोक्यावर, भुवयांची सावली डोळ्यांत पडून सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे. पडवीच्या कडेला उभं राहा, म्हणजे वरून छप्पर आणि समोरून उघडं आकाश, हे सर्वांत सोपं. पण पडवीत चपला असतात. मग रिफ्लेक्टर निघतो.

रिफ्लेक्टर म्हणजे तारेच्या गोल कड्यावर ताणलेलं चकचकीत कापड. पांढरी बाजू, रुपेरी बाजू, सोनेरी बाजू. सोनेरी बाजू हळदीच्या कार्यक्रमाला चुकूनही काढू नये, नवरीला कावीळ झाल्याची बातमी सासरी पोचते. पिशवीतून काढला की हा फडाड्‌दिशी स्वतःच उघडतो, आणि जवळ उभ्या असलेल्या काकू दचकतात. उघडायला काही लागत नाही. मिटवणं ही विद्या आहे. दोन्ही हातांनी कड पकडायची, एक हात पुढे, एक मागे, आठाचा आकडा करायचा आणि मग हात जवळ आणायचे, की तीन वेटोळ्यांत गप्प बसतो. हे वाचून कोणालाही जमलेलं नाही. लग्नात तो मिटवायचा प्रयत्न सुरू झाला की आधी एक मामा येतात, "द्या इकडे." मामांच्या हातातून तो सुटून त्यांच्या फेट्याला लागतो. मग इंजिनिअर भाचा येतो आणि आधी त्याचा विचार करतो. मग कोणीतरी दोघं दोन बाजूंनी धरून पिळतात. शेवटी सहा-सात वर्षांचा एक मुलगा, गाडीच्या काचेवरचं ऊन अडवायचं कापड रोज मिटवणारा, येतो, एक झटका देतो आणि पिशवीत कोंबून पळतो. त्याला जेवणात जास्तीची जिलबी मिळावी अशी शिफारस आम्ही नेहमी करतो.

प्लग पॉइंटबद्दल थोडक्यात. स्टेजजवळ एक असतो, पंधरा अँपिअरचा, त्यावर कूलर. आपली पिन पाचची. एक्स्टेन्शन बोर्ड लांबून ओढत आणावा तर त्याच्यावर आपल्या दिव्याखेरीज कॉफी मशीन, सनईची सीडी वाजवणारा डबा आणि कोणाचा तरी मोबाइल येऊन बसतो. मोबाइलवाले आपला चार्जर लावताना दिव्याची पिन काढतात आणि वर म्हणतात, "लाइट गेले वाटतं."

लग्नसराई संपली की पाऊस लागतो आणि खरी काळजी सुरू होते. कोकणात आणि मुंबईत ज्या घरात भिंतीला बुरशी येते त्या घरात लेन्सलाही येते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यागत बारीक नक्षी उमटते, आणि फोटोला धुकं येतं. कॅमेरा जपून ठेवायचा म्हणून लोक तो चामड्याच्या केसमध्ये घालून, कापडात गुंडाळून, लोखंडी कपाटाच्या तळाशी बंद करून ठेवतात. चामडं ओल धरतं, कपाटात अंधार आणि कोंदट हवा. बुरशीने स्वतः घर बांधलं असतं तर असंच बांधलं असतं. त्यापेक्षा लेन्स उजेडात राहू द्यावी, वापरात ठेवावी, नाहीतर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. एसी खोलीतून बाहेरच्या दमट हवेत नेताना बंद पिशवीतच न्यावी आणि पिशवीला घाम सुटून वाळेपर्यंत उघडू नये.

रंग बदलणारं निळं सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होतं. मंद आचेवर तापवलं की पुन्हा निळं. फक्त त्या निळेपणात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरायची नाहीत. मित्राने वेगळी जुनी कढई ठेवली आणि घरात घोटाळा नको म्हणून तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलं: कॅमेरा. दिवाळीच्या साफसफाईत ती जिन्याखाली आली. भंगारवाल्याने ती उचलली, उलटीसुलटी केली, नाव वाचलं आणि मित्राला हाक मारून विचारलं, "साहेब, चालू आहे का?"